व्यावसायिक स्नूकरकडे तरुण का वळत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पालकांनी, खेळणाऱ्या मुलामुलींनी आणि नुसतं टीव्हीवर बघणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवलेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय, म्हणजे सगळं वाचत बसावं लागणार नाही.

१. स्नूकरमध्ये ‘व्यावसायिक’ कुणाला म्हणायचं? पैसे लावून खेळणारा व्यावसायिक नाही का?

नाही. वर्ल्ड स्नूकर टूर ही व्यावसायिक स्पर्धांची वर्षभराची मालिका. ज्याच्याकडे तिचं कार्ड, म्हणजे तिथं खेळायचा परवाना, आहे तो व्यावसायिक. बाकी सगळे हौशी, मग क्लबात कितीही जिंकोत. टूरवर साऱ्या जगात मिळून साधारण १२८ जागा असतात. नव्या खेळाडूला कार्ड दोन वर्षांसाठी मिळतं. ती संपताना तो क्रमवारीत पहिल्या ६४ मध्ये असेल तर टिकतो, नसेल तर बहुतेकदा बाहेर पडतो. फक्त एका वर्षाच्या कमाईच्या जोरावर वाचणारे काही थोडे असतात.

क्रमवारी २०१४ पासून थेट पैशांवर चालते. मागच्या दोन वर्षांत रँकिंग स्पर्धांमधून जितके पौंड मिळवले, तितके तुमचे गुण. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न ५ मध्ये तिची गरज पडेल.

२. तरुण खरंच कमी आहेत, की आम्हालाच तसं वाटतं?

वाटतं ते बरंचसं खरं आहे. रॉनी ओ’सलिव्हन, जॉन हिगिन्स आणि मार्क विल्यम्स हे तिघंही १९७५ सालचे आणि तिघंही १९९२ मध्ये व्यावसायिक झाले. २०२२ मध्ये ओ’सलिव्हन ४६व्या वर्षी जगज्जेता झाला. २०२५ मध्ये विल्यम्स ५० वर्षांचा असताना जागतिक अंतिम सामना खेळला. उलट टोकाला स्टीफन हेंड्री १९९० मध्ये २१व्या वर्षी जगज्जेता झाला होता, आणि त्याच्यापेक्षा लहान वयाचा विजेता २०२५ पर्यंत तरी झालेला नव्हता.

पण तरुण मुळीच नाहीत हेही खोटं. चीनमधून येताहेत, बऱ्यापैकी संख्येनं येताहेत (प्रश्न १०). आटला आहे तो ब्रिटनमधला जुना झरा, आणि बाकीच्या देशांत तो कधी फारसा वाहिलाच नव्हता.

३. पूर्वी तर पोरं रांगा लावायची म्हणे. मग मधल्या काळात काय झालं?

खेळ १८७५ मध्ये जबलपूरला ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मला. पण त्याला पैसा दाखवला तो रंगीत टीव्हीनं. १९६९ मध्ये बीबीसीनं रंगीत प्रक्षेपणाची मजा दाखवायला स्नूकर निवडलं. हिरवं कापड आणि त्यावर आठ रंगांचे बॉल, यापेक्षा सोयीचं काय मिळणार होतं? १९७७ पासून जागतिक स्पर्धा शेफिल्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात स्थिरावली. १९८५ मध्ये डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिसचा अंतिम सामना शेवटच्या फ्रेमच्या (डावाच्या) शेवटच्या ब्लॅकपर्यंत, म्हणजे काळ्या बॉलपर्यंत गेला, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावरही १ कोटी ८५ लाख लोक तो बघत होते. त्या काळात ब्रिटनमधल्या पोरानं क्यू (खेळायची काठी) हातात धरणं ही नवलाची गोष्ट नव्हती.

पैसा बराचसा तंबाखू कंपन्यांचा होता. जागतिक स्पर्धेला १९७६ पासून २००५ पर्यंत सिगारेटच्याच ब्रँडचं नाव होतं. जाहिरातबंदी आली आणि तो नळ बंद झाला. २००९-१० च्या मोसमात रँकिंग स्पर्धा उरल्या सहा. वर्षाला सहा! त्या वर्षी पंधरा वर्षांच्या मुलाला घरच्यांनी ‘हे सोड’ म्हटलं असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. पुढं क्रीडा प्रवर्तक बॅरी हर्न यांनी टूरचं व्यवस्थापन हातात घेतल्यावर स्पर्धा झपाट्यानं वाढल्या, पण तोवर एक अख्खी पिढी दुसरीकडे गेली होती. क्लब बंद पडत होते ते वेगळंच.

यात एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. १९९१ मध्ये व्यावसायिक होण्याचं दार फी भरणाऱ्या सगळ्यांसाठी उघडलं होतं. पात्रता फेऱ्यांना शेकडो खेळाडू यायचे. ओ’सलिव्हननं पदार्पणाच्या मोसमात पहिल्या ७६ सामन्यांपैकी ७४ जिंकले, हा विक्रम लोक त्याच्या प्रतिभेचा पुरावा म्हणून सांगतात. आहेच. पण त्यातला ७६ हा आकडाही बघा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला एका मोसमात एवढे खरे सामने मिळाले. आज टूरवर नवा आलेला मुलगा बऱ्याचदा पहिल्याच फेरीत कसलेल्या खेळाडूसमोर येतो, हरतो आणि पुढच्या स्पर्धेपर्यंत एकटा सराव करत बसतो. माझ्या मते तरुण न टिकण्याचं पैशाइतकंच मोठं कारण हेही आहे: त्यांना सामनेच मिळत नाहीत.

४. टूर कार्ड मिळवायचे मार्ग कोणते?

सर्वांना माहीत असलेला मार्ग म्हणजे क्यू स्कूल. फी भरायची, बाद पद्धतीनं खेळायचं, सामने सात फ्रेमचे. शंभराहून जास्त खेळाडू येतात आणि मूठभर कार्डं वाटली जातात. दुसरा मार्ग क्यू टूर, ही वर्षभर चालणारी हौशी मालिका. तिसरा म्हणजे जागतिक आणि खंडीय हौशी किंवा ज्युनिअर अजिंक्यपदं. त्यांतल्या काहींच्या विजेत्याला कार्ड मिळतं. उपविजेत्याला बहुतेकदा टाळ्या मिळतात.

सात फ्रेमचा सामना म्हणजे चार जिंकल्या की संपला. एक वाईट तास आणि ती स्पर्धा गेली. बोर्डाच्या परीक्षेत निदान सहा-सात विषय असतात.

५. कार्ड मिळालं म्हणजे पगार सुरू झाला ना?

पालकांकडून येणारा हा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न. उत्तर: नाही. टूरचा खेळाडू हा स्वतःचा धंदा चालवणारा माणूस आहे. बक्षीस त्याचं आणि खर्चही त्याचाच. प्रवास, हॉटेल, सरावाच्या टेबलाचं भाडं, प्रशिक्षक, सगळं.

२०२२-२३ मध्ये टूरनं एका मोसमाला २०,००० पौंडांच्या हमीची योजना आणली. बातमी वाचून अनेकांना तो पगार वाटला. प्रत्यक्षात ती उचल होती. तुम्ही जे बक्षीस मिळवाल ते आधी या रकमेत वळतं होणार. म्हणजे १२,००० मिळवले तर वरचे ८,००० टूर भरणार, आणि २५,००० मिळवले तर वर काहीच नाही. ब्रिटनमध्ये भाड्यानं राहून वर्षभर फिरणाऱ्याला एवढ्यात हातातोंडाची गाठ घालणंच कठीण.

दुसरा अडथळा क्रमवारीचा (प्रश्न १). जुन्या खेळाडूच्या खात्यात दोन वर्षांची कमाई असते, नवा शून्यावर सुरू होतो. पहिल्या वर्षी तो तळाला असल्यानं त्याच्या वाट्याला बऱ्याचदा वरचे खेळाडू येतात. दुसऱ्या वर्षी हात बसायला लागतो तेव्हा कार्डाची मुदत डोक्यावर असते.

६. पण इंग्लंडच्या जड ट्रम्पनं एका मोसमात दहा लाख पौंड मिळवले. तेवढं नाही तरी त्याच्या निम्मं?

ट्रम्पनं २०१८-१९ मध्ये ते केलं, आणि तसं करणारा तो पहिलाच. जागतिक विजेत्याला ५ लाख पौंड मिळतात हेही खरं. पण क्रुसिबलमध्ये खेळतात बत्तीस जण. सोळा थेट येतात आणि सोळा पात्रता फेऱ्या जिंकून. तिथं पहिल्याच सामन्यात हरणाऱ्याला २०,००० मिळतात. कित्येक खेळाडूंसाठी तो वर्षातला सगळ्यात मोठा चेक असतो, आणि तोही हरल्यावर मिळालेला.

‘ट्रम्पच्या निम्मं’ मिळवणारेही बोटांवर मोजण्याइतके. बाद पद्धतीत बक्षीस प्रत्येक फेरीला उडी मारतं, त्यामुळं पैसा वर साचतो. सांघिक खेळात राखीव खेळाडूलाही करार असतो. स्नूकरमध्ये जगातला सत्तरावा उत्तम खेळाडू पुढचं भाडं कसं द्यायचं याचा विचार करत झोपतो. जगात सत्तरावा डॉक्टर किंवा सत्तरावा वकील असता तर?

७. तयार व्हायला किती वर्षं लागतात? दिवसाला किती तास?

टूरवर पोचलेल्या बहुतेकांनी आठ-दहाव्या वर्षाच्या आसपास क्यू धरलेला असतो. पाच-सहा तासांचा सराव नेहमीचा. पण तासांपेक्षा ते तास कसे असतात हे सांगायला हवं.

निळा बॉल टेबलाच्या मध्यावर, त्याच्या जागेवर ठेवा. व्हाइट बॉल अशा ठिकाणी ठेवा की व्हाइट, निळा आणि समोरचं कोपऱ्यातलं पॉकेट एका रेषेत येतील. आता स्टन मारा, म्हणजे धडकल्यावर व्हाइट जागीच थांबेल असा फटका. निळा पॉकेटात गेला, व्हाइट जागीच थांबला. छान. आता व्हाइटकडे नीट बघा. थांबलेला व्हाइट जागच्या जागी भोवऱ्यासारखा गिरकी घेत असेल, तर क्यूचं टोक केसभर बाजूला लागलं, तुम्हाला न कळता. पॉट झाला, पण शॉट चुकला. हा एकच शॉट मुलं तासभर मारत राहतात. शेजारी कुणी नाही, बोलायला कुणी नाही, आणि चूक दाखवणारा फक्त तो गिरक्या घेणारा बॉल. मी स्वतः चार वर्षं हे केलं. माझा सगळ्यात मोठा ब्रेक, म्हणजे एका खेपेत सलग मिळवलेले गुण, ८७ वर अडकला. गिरकी काही गेली नाही.

एवढं करून फळ कधी? स्टुअर्ट बिंगहॅम १९९५ मध्ये व्यावसायिक झाला. पहिली रँकिंग स्पर्धा जिंकली २०११ मध्ये, आणि जगज्जेता झाला २०१५ मध्ये, ३८व्या वर्षी. ही गोष्ट प्रेरणादायी म्हणून सांगतात. वीस वर्षांच्या मुलाला ती ऐकवून बघा, त्याच्या चेहऱ्यावर प्रेरणा दिसते का ते.

८. घरीच टेबल आणलं तर?

जागा मोजा. पूर्ण आकाराच्या टेबलाचा खेळायचा भागच ११ फूट ८½ इंच लांब आणि ५ फूट १० इंच रुंद. चारही बाजूंनी क्यू मागं ओढायला जागा हवी, म्हणजे साधारण २२ बाय १६ फुटांची मोकळी खोली, मध्ये एकही खांब नसलेली. खाली पाटीच्या दगडाचे जड तुकडे, एकूण वजन टनाच्या वर. शिवाय कापडाला रोज ब्रश आणि अधूनमधून इस्त्री.

लहान टेबलावर शिकता येतं, पण लांबचे पॉट आणि सेफ्टी (प्रतिस्पर्ध्याला सोपा बॉल न ठेवणारे शॉट) येत नाहीत. क्लबच्या टेबलाचंही तसंच. तिथं कापड जाड आणि पॉकेट्स बहुधा उदार. टूरच्या टेबलावर कापड बारीक आणि वेगवान, दगडाखाली हीटर, आणि पॉकेटचा जबडा असा की क्लबात आत गेला असता तो बॉल तिथं तोंडाशी थरथरून बाहेर येतो. रोज क्लबात सेंच्युरी मारणारा मुलगा पहिल्या मोठ्या स्पर्धेत ४० च्या पुढं का जात नाही, याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

९. जुने खेळाडू निवृत्त का होत नाहीत? जागा अडवून बसलेत असं नाही का?

बसलेत ते जिंकून बसलेत. या खेळात धाप लागत नाही, गुडघे जात नाहीत. डोळे आणि हाताची स्थिरता टिकली तर चाळिशीत अनुभव कामाला येतो, विशेषतः सेफ्टीत. तक्रार त्यांच्याबद्दल करण्यापेक्षा जागा १२८ च का, याबद्दल करावी.

१०. मग चीनमधून इतकी मुलं कशी येतात?

एका मुलामुळं सुरुवात झाली. डिंग जुनहुईनं २००५ मध्ये, १८ वर्षांचा होता होता, चायना ओपनच्या अंतिम सामन्यात हेंड्रीला हरवलं. सगळा देश टीव्हीसमोर होता. त्याच वर्षी त्यानं यूके चॅम्पियनशिपही जिंकली. त्यानंतर चीनमध्ये क्लब वाढले, अकादम्या निघाल्या, प्रायोजक आले, मोठ्या स्पर्धा तिकडं भरायला लागल्या. पालकांसमोर एक चेहरा होता: ‘असं होता येतं.’

पण टूरचा मुक्काम ब्रिटनमध्ये. त्यामुळं पंधरा-सोळा वर्षांची मुलं शेफिल्डला येऊन अकादमीत राहतात. भाषा येत नाही, हवा मानवत नाही, घरचे सात-आठ तासांच्या फरकावर. दिवसभर टेबल, रात्री फोन. २०२३ मध्ये दहा चिनी खेळाडूंवर मॅच-फिक्सिंग प्रकरणात बंदी आली, दोघांवर आजन्म. गुन्हा गुन्हाच. शिवाय जे अडकले त्यांत चांगली कमाई असणारेही होते, त्यामुळं सगळं खापर गरिबीवर फोडता येत नाही. तरी घरापासून दूर, एकटी, तुटपुंज्या कमाईची मुलं वडीलधाऱ्या खेळाडूच्या शब्दाखाली सहज येतात, हे त्या प्रकरणात दिसलं. आपल्या मुलाला एकट्याला परदेशी पाठवायला निघालेल्या पालकांनी बक्षिसांच्या तक्त्याआधी याचा विचार करावा.

११. ब्रिटन आणि चीनच्या बाहेरच्या मुलाला काही आशा?

आहे, पण घर सोडून. ऑस्ट्रेलियाचा नील रॉबर्टसन जवळपास रिकाम्या खिशानं इंग्लंडला आला, केंब्रिजला राहिला आणि २०१० मध्ये जगज्जेता झाला. बेल्जियमचा लुका ब्रेसेल १६व्या वर्षी व्यावसायिक झाला आणि २०२३ मध्ये जिंकला. दुसरी बाजू पंकज अडवाणीची. हौशी जागतिक विजेतेपदांचा ढीग असलेला हा खेळाडू २०१२ मध्ये टूरवर गेला आणि २०१४ मध्ये कार्ड सोडून परतला. त्याच्या खेळात कमी होती असं कुणी म्हणणार नाही. बिलियर्ड्सही खेळायचं आणि वर्षाचे बरेच महिने ब्रिटनमध्येही काढायचे, हे दोन्ही एकदम जमण्यासारखं नसतं.

१२. २०२५ मध्ये तर एक हौशी खेळाडू जगज्जेता झाला! मग कार्डाचं एवढं काय?

झाओ शिनटोंग कागदोपत्री हौशी होता, इतकंच. २०२१ चा यूके चॅम्पियन असलेला हा खेळाडू प्रश्न १० मधल्या प्रकरणात वीस महिन्यांची बंदी भोगून परतत होता आणि बंदीमुळं त्याचं कार्ड गेलं होतं. क्यू टूर जिंकून पुढच्या मोसमाचं कार्ड त्यानं मिळवलं होतं, पण ते हातात पडायच्या आत पात्रतेचे चार सामने आणि क्रुसिबलचे पाच जिंकून तो मोकळा झाला. हे उदाहरण देऊन मुलाची शाळा सोडवू नका.

१३. मग शाळा-कॉलेज सोडावं की नाही?

माझं मत: नाही. सहा तासांचा सराव आणि अभ्यास दोन्ही जमतं, कठीण जातं एवढंच. सोडण्याचा विचार कार्ड हातात आल्यावर करावा, आणि तेव्हाही बाहेरून परीक्षा देता येते का ते बघावं. ज्यांनी लवकर सोडलं आणि यशस्वी झाले त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. ज्यांनी लवकर सोडलं आणि झाले नाहीत, त्यांची नावं कुणी छापत नाही.

१४. मुलींसाठी वाट आहे का?

टूर कायद्यानं सगळ्यांना खुली आहे, आणि ताकदीचा प्रश्न फारसा येत नाही. महिलांची स्वतंत्र मालिकाही आहे. तिच्यातून मुख्य टूरची कार्डं दिली जातात. बारा वेळा महिला जगज्जेती झालेल्या रिअ‍ॅन एव्हन्सला २०२१ मध्ये असं कार्ड मिळालं. चीनची बाय युलू २०२४ आणि २०२५ ची महिला जगज्जेती. पण महिला मालिकेतलं बक्षीस मुख्य टूरच्या तुलनेत किरकोळ, म्हणून तयारीला लागणारा पूर्ण वेळ काढणं मुलींना आणखी जड जातं. आणि क्लबमधलं वातावरण? तेरा वर्षांच्या मुलीला रात्री आठ वाजता तिथं एकटीला सोडाल का, हा प्रश्न कुठल्याही देशात विचारा.

१५. ऑलिंपिकमध्ये नाही, हे कारण आहे का?

बऱ्याच देशांत, हो. सरकारी मदत, शिष्यवृत्ती, नोकरीतल्या राखीव जागा हे सगळं पदकांकडे बघून ठरतं. आशियाई क्रीडा स्पर्धांत १९९८ पासून २०१० पर्यंत क्यू स्पोर्ट्स होते, नंतर वगळले गेले.

१६. त्यापेक्षा पूल बरा का?

काहींसाठी नक्कीच. टेबल लहान, शिकायला सोपा, सामने भरपूर. चीनमध्ये हेबॉल नावाचा आठ बॉलचा प्रकार आता मोठी बक्षिसं देतो आणि स्नूकरचे काही खेळाडू तिकडं हात मारताना दिसतात. पॉटिंग स्नूकरचंच लागतं, त्यामुळं आधी केलेली मेहनत वाया जात नाही.

१७. कार्ड गेलं तर पुढं काय?

पुन्हा क्यू स्कूल (प्रश्न ४), कितीही वेळा. तिथं माजी व्यावसायिकांची गर्दी असते, म्हणून नवख्या मुलाला ते दार आणखी अरुंद वाटतं. बाकी वाटा: प्रशिक्षण, पंचगिरी, प्रदर्शनी सामने, समालोचन, क्यूला टिप बसवणं, टेबलं बांधणं. यांतल्या शेवटच्या दोन कामांना लोक हलकं समजतात, पण टेबलाची पातळी अचूक लावणाऱ्या माणसाला काम शोधावं लागत नाही.

१८. माझ्या मुलानं सरावात १४७ मारलाय. आता तरी?

अभिनंदन, मनापासून. १४७ म्हणजे एका खेपेतले कमाल गुण, आणि त्यासाठी छत्तीस बॉल ओळीनं घालणं गंमत नाही. पण टूरच्या दारात उभे असलेल्या बऱ्याच जणांनी सरावात ते केलेलं असतं. पुढच्या तीन महिन्यांत त्याला अनोळखी क्लबांत, अनोळखी टेबलांवर, त्याच्यापेक्षा चांगल्या लोकांशी खेळवा आणि एका वहीत फक्त एवढंच लिहा: चाळीस मिनिटं खुर्चीत बसून राहिल्यावर मिळालेला पहिला बॉल त्यानं घातला की नाही. वही भरली की पुन्हा विचारा.